वारं नव्हे, रक्त

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या मंगळवारच्या आरोग्य पुरवणीत पक्षाघाताच्या रुग्णांची घरी काळजी कशी घ्यावी यावर लेख आला होता. व्यायामाची माहिती चांगली होती, चित्रंही सोपी होती. पण मधोमध एक रंगीत चौकट होती आणि तिच्यात ठळक अक्षरांत छापलं होतं की रडत बसणारा रुग्ण सुधारत नाही, इच्छाशक्ती हेच खरं औषध. माझ्या धाकट्या दिरांनी ती चौकट कात्रीने कापून आमच्या फ्रिजवर चिकटवली, आमच्या ह्यांना बसल्या जागेवरून दिसावी म्हणून. दीर बाहेर गेल्यावर मी ती खरवडून काढली आणि हे पत्र लिहायला घेतलं.

मी बार्शीची. कनिष्ठ महाविद्यालयात २८ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या खिडकीतून माइकवर "कुर्डुवाडीमार्गे पंढरपूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे" असं ऐकू यायचं तो आवाज ह्यांचा. घरातही त्याच सुरात बोलायचे. ताट वाढायला उशीर झाला की, "गाडी डेपोतून सुटली का?"

दोन वर्षांपूर्वी, गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता हे दारातल्या कट्ट्यावर चहा घेत बसले होते. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून चहा गळून बनियनवर पडत होता आणि ह्यांच्या ते गावीही नव्हतं. मी म्हटलं, "अहो, लक्ष कुठंय?" उठले, दोन पावलं टाकली. उजव्या पायातली चप्पल मागेच राहिली, तरी तसेच पुढे. मग भिंतीला धरायला गेले तर हात वर आलाच नाही.

शेजारचे काका धावत आले. बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, अंगावरून वारं गेलं."

या वाक्यावर मला जरा थांबायचंय. आपल्याकडे खेड्यापाड्यात, आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातही, या दुखण्याला अजून हेच नाव आहे. संस्कृत शब्द घ्यावा तर तो अर्धांगवायू, म्हणजे तिथंही वायूच. वारं गेलं म्हटल्यावर माणसाला सुचणार काय? खिडक्या लावा, पांघरूण घाला, तेल चोळा. आमच्याकडे तेच झालं. कोमट तिळाचं तेल, त्यात कापूर, अर्धा तास मालीश. एकाने पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं. मागच्या गल्लीत एकाकडे पारवे आहेत, तिकडे एक पोरगं पळालंसुद्धा. तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला, तिने आरडाओरडा केला, म्हणून त्या पाखराचा जीव वाचला. आणि मी, रसायनशास्त्राची बाई, काय करत होते? वाटीत साखरपाणी घेऊन पाजायला बघत होते. तेही चूकच. अशा वेळी गिळणं धड नसतं, घोट श्वासनलिकेत जातो.

वारं कुठून आलं नव्हतं आणि कुठं गेलं नव्हतं. मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती आणि पुढचं रक्त थांबलं होतं. बस, इतकंच.

साडेसातला गावातल्याच एका दवाखान्यात नेलं. तिथं सलाइन लागली आणि मोठे डॉक्टर राउंडला येईपर्यंत थांबायला सांगितलं. नऊ वाजून गेल्यावर सोलापूरची चिठ्ठी मिळाली. साधारण ७० किलोमीटर रस्ता, मग तिथली रांग, केसपेपर. सिटी स्कॅन झालं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात ११ वाजून ४० मिनिटं झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं?" मी म्हटलं, सहाला. ते गप्प झाले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी मांडीतून तार घालून काढता येते, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतसुद्धा. पण ती सोय सगळीकडे नसते आणि ह्यांची गुठळी त्यातली नव्हतीही. ह्यांच्याच भाषेत सांगायचं तर गाडी ७० मिनिटं लेट पोचली.

त्या ७० मिनिटांत आत काय झालं, हे मी नंतर वाचत बसले. वाचल्याशिवाय झोप येईना. लेकीने इंटरनेटवरून काढून पाठवलं, एका निवासी डॉक्टर मुलीने न कंटाळता समजावलं. माझीच एके काळची विद्यार्थिनी निघाली ती. आपल्या वाचकांना सांगण्यासारखं त्यात बरंच आहे, म्हणून सांगते.

मेंदूचं वजन शरीराच्या अवघं दोन टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटा खातो. आणि साठवण जवळपास शून्य. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. सबंध मेंदूचा हिशेब केला तर मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास. आमच्या बार्शीकरांना हे लगेच कळेल. ज्या घरात टाकी नाही त्या घराला नळ चालू तोवरच पाणी. रक्त पूर्ण थांबलं तर सहा-सात सेकंदांत शुद्ध जाते आणि काही मिनिटांत पेशींमधली एटीपी, म्हणजे ऊर्जेची रोकड, संपते.

पण पक्षाघातात सगळीकडेच रक्त पूर्ण थांबत नाही. गुठळीच्या ऐन पुढचा भाग कोरडा पडतो, त्याच्या कडेला मात्र आजूबाजूच्या वाहिन्यांतून थोडंथोडं झिरपत राहतं. १९७० च्या दशकात लंडनमध्ये बबून माकडांवर प्रयोग झाले, त्यांत हे आकड्यांत दिसलं. १०० ग्रॅममागचा मिनिटाचा प्रवाह ५० मिलिलिटरवरून २० च्या खाली गेला की पेशी गप्प होतात, विजेचे संदेश थांबतात. पण त्या मेलेल्या नसतात. १० च्या आसपास आला की पेशीच्या भिंतीतले सोडियम-पोटॅशियमचे पंप बंद पडतात आणि मग मरण. या दोहोंमधल्या, गप्प पण जिवंत भागाला शास्त्रज्ञांनी ग्रहणातला शब्द दिला, उपछाया. इंजेक्शनची सगळी धावपळ त्या उपछायेसाठी असते. २००६ साली जेफ्री सेव्हर या अमेरिकन डॉक्टरांनी हिशेब मांडला की मोठी वाहिनी बंद पडलेल्या सर्वसाधारण रुग्णाच्या मिनिटाला १९ लाख चेतापेशी जातात. आमचं मालीशच अर्धा तास चाललं होतं. गुणाकार मी केला नाही.

आता रसायनं. एका चेतापेशीने दुसरीला निरोप द्यायचा तर मधल्या बारीकशा फटीत एक रसायन सोडावं लागतं, त्याला न्यूरोट्रान्समीटर म्हणतात. मेंदूतलं सगळ्यात जास्त वापरातलं उत्तेजक रसायन म्हणजे ग्लुटामेट. (हो, अजिनोमोटोतलं तेच. पण म्हणून चायनीज खाल्ल्याने लकवा होतो असं कुणी छापू नका. खाल्लेलं ग्लुटामेट रक्तातून मेंदूत सहजासहजी शिरत नाही, आणि टोमॅटोतही ते भरपूर असतं.) हे ग्लुटामेट पेशीच्या आत जितकं दाट असतं, त्याच्या हजारो पटींनी बाहेर पातळ असतं. निरोप पोचला रे पोचला की ते ओढून आत घ्यायचं, फट मोकळी करायची. ओढून घेणारी यंत्रणा सोडियमच्या उतारावर (बाहेर दाट, आत पातळ) चालते, तो उतार पंप टिकवतो, पंप एटीपीवर चालतो आणि एटीपी रक्तावर.

रक्त गेलं की हे सगळं उलटं फिरतं. अक्षरशः उलटं. आत ओढणारी यंत्रणाच ग्लुटामेट बाहेर ओकायला लागते. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड आलं की पहिल्या दोन बादल्या ओतून द्याव्या लागतात. पाइपातला दाब गेला की जिथं भेग असेल तिथून गटाराचं पाणी आत घुसतं, ते कारण. तसंच काहीसं. १९८४ साली डेन्मार्कमध्ये उंदरांच्या मेंदूत बारीक नळी घालून मोजलं गेलं, तेव्हा दहा मिनिटांच्या रक्तबंदीत पेशींबाहेरचं ग्लुटामेट सुमारे आठ पट झालेलं आढळलं. मग शेजारच्या पेशींवर निरोपांचा मारा. आषाढीला पंढरपूरच्या स्टँडवर सगळे नियंत्रक एकाच वेळी माइकवर बोलायला लागले तर काय होईल ते डोळ्यांपुढे आणा. त्या पेशींवर एक विशिष्ट दार असतं, एरवी त्यात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. माऱ्याने बूच उडतं, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशीचे स्वतःचेच विकर (एन्झाइम) तिला आतून पचवायला लागतात. डोपामिन हे दुसरं निरोप्या रसायनसुद्धा त्या वेळी वारेमाप सुटतं.

म्हणजे 'रक्त कमी झालं की मेंदूतली रसायनं कमी होतात' असं सहज वाटतं, ते अर्धंच खरं आहे. ऐन झटक्यात काही रसायनं धोकादायक इतकी वाढतात. मला हे वाचून नवल वाटलं होतं. मग मनात आलं, ते बूच परत बसवता येत नाही का? लोकांनी तेही करून पाहिलंय. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरात १,७०० रुग्णांना दोन तासांच्या आत, बहुतेकांना चक्क रुग्णवाहिकेतच, मॅग्नेशियम द्यायला सुरुवात केली, काहींना नुसतं खोटं औषध. २०१५ साली निकाल आला, फरक शून्य. ग्लुटामेटची दारं बंद करणारी इतरही औषधं उंदरांत चालली आणि माणसांत पडली. रक्त वेळेत सुरू करणं, एवढाच उपाय आजवर चालला आहे.

इथवर झटक्याच्या दिवसाचं. पण मला लिहायचंय ते त्यानंतरच्या महिन्यांविषयी, आणि आपली चौकटही त्याविषयीच होती.

दहाव्या दिवशी घरी आलो. उजवा हात लोंबकळता, पाय ओढत, बोलणं जड, पण शब्द सापडत होते. आणि मग रडणं सुरू झालं. सकाळी घंटागाडी यायची, ते "ओला कचरा, सुका कचरा" वाजायला लागलं की ह्यांचा चेहरा वेडावाकडा व्हायचा आणि हमसून हमसून रडायचे. भाजीवालीने "मेथी वीसला" म्हटलं, रडले. नातीने फोनवर पाढे म्हणून दाखवले, रडले. एकदा दूरच्या नात्यातलं कुणी वारल्याचं सांगायला लोक आले, आणि हे हसले. फिसकन हसले. त्यांना हसू आवरेना आणि आम्हाला तोंड लपवायला जागा सापडेना.

दीर म्हणाले, "दादा, बाईसारखं रडतोस काय?" मी तसं म्हटलं नाही, पण एका रात्री भाताचा घास भरवताना परत सुरू झालं, घास बाहेर आला, गादी खराब झाली आणि मी ओरडले. म्हटलं, "आता पुरे हं, मीही माणूस आहे." ते रडतच माझ्याकडे बघत राहिले. डोळे मात्र रडणाऱ्या माणसाचे नव्हते. घाबरलेले होते. हे मला तेव्हा दिसलं, कळलं नाही.

फेरतपासणीला सोलापूरला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं की फार खचलेत. त्यांनी मला थांबवलं आणि ह्यांनाच विचारलं, "काका, रडू येतं तेव्हा मनात काय असतं?"

ह्यांनी बराच वेळ घेतला. मग जड जिभेने म्हणाले, "काहीच नाही."

डॉक्टर म्हणाले, "मला वाटलंच." हे दुःख नव्हे. रडण्याहसण्याची जी यंत्रणा मेंदूच्या खालच्या भागात असते तिला एरवी वरून लगाम असतो. तो लगाम लावणारे धागे झटक्यात तुटले की कुठल्याही क्षुल्लक कारणाने, कधी कारणाशिवायही, रडं किंवा हसू फुटतं. माणसाच्या मनाशी त्याचा मेळ असेलच असं नाही. यात सेरोटोनिन या आणखी एका न्यूरोट्रान्समीटरचा मोठा वाटा असावा असं मानतात, कारण पेशीने सोडलेलं सेरोटोनिन फटीत जास्त वेळ टिकवणाऱ्या गोळ्यांनी ते बऱ्याच जणांत आटोक्यात येतं. ह्यांना तीच गोळी लहान मात्रेत सुरू केली. दहा-बारा दिवसांत घंटागाडी येऊन जायला लागली आणि कुणाला कळेना. तीन महिने आम्ही ज्याला मनाचा दुबळेपणा म्हणत होतो ते दोन आठवड्यांत ओसरलं.

रडं गेल्यावर खाली दुसरंच काही सापडलं. हे नुसते बसून राहायला लागले. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तर बंद. व्यायामाची माणसं येऊन जायची, हे हात हलवायचे नाहीत. भूक नाही, पहाटे तीनला टक्क जागे. हे मात्र खरं नैराश्य होतं. पक्षाघातानंतर ते सुमारे तिघांतल्या एकाला गाठतं. त्याचं एक कारण उघड आहे, हात गेला, आवाज गेला, उद्या कुणाच्या जिवावर जगायचं. पण तेवढंच नाही. सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनलिन (तेही असंच निरोपाचं रसायन) बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात मूठभरच असतात आणि त्यांचे बारीक लांबलचक धागे पार कपाळापर्यंत जातात. मधे कुठं रक्त थांबलं की तिथून पुढची सगळी गावं तुटली. १९७५ साली रॉबर्ट रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूच्या एका बाजूची रक्तवाहिनी बांधली, तर डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन जखमेच्या जागेपासून दूरही, दुसऱ्या बाजूलासुद्धा, घटलेलं आढळलं.

शिवाय ही रसायनं बनवायलाच ऑक्सिजन लागतो. मला रसायनशास्त्राची बाई म्हणून हे फार भावलं, म्हणून दोन ओळी जास्त. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन आणि टायरोसिन या अमिनो आम्लापासून डोपामिन बनताना पहिल्याच पायरीवर रेणूला ऑक्सिजनचा एक अणू जोडावा लागतो, आणि तो थेट श्वासातल्या ऑक्सिजनमधून येतो. ॲसिटिलकोलीन, जे लक्ष आणि आठवणीशी निगडित आहे, त्याचा कच्चा माल ग्लुकोजच्या ज्वलनातून येतो. ऑक्सिजन थोडा जरी कमी पडला तरी, एटीपी अजून शाबूत असतानाच, ॲसिटिलकोलीनचं उत्पादन घसरतं असं प्रयोगांत दिसलंय. म्हणजे जिथं रक्त थांबलेलं नाही, नुसतं वर्षानुवर्षं कमी येतंय, तिथला मेंदूही मंद होतो तो आधी या वाटेने. ब्लडप्रेशरच्या गोळ्या "काही त्रास नाही" म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे वाचावं. ह्यांनी सोडल्या होत्या. तंबाखूची पुडी मात्र सोडली नव्हती.

आणि ही सगळी गोष्ट मला नवी नव्हती, हे माझं खरं दुखणं. बारावीला आम्ही औषधांच्या प्रकरणात शिकवायचो, नॉरॲड्रिनलिन कमी पडलं की संदेशवहन मंदावतं आणि माणूस नैराश्यात जातो. मी ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, मुलांकडून पाठ करून घेतलं, पेपर तपासले. आणि तोच प्रश्न घरात समोर बसला होता तर मला ओळखता आला नाही. (आता वाचल्यावर कळतं की पुस्तकातलं वाक्य फार सोपं करून लिहिलेलं होतं. एका रसायनाची पातळी उतरली की दुःख, चढली की सुख, असं ते नळासारखं नाही. तरी ते वाक्य आठवलं असतं तर मी त्या रात्री ओरडले नसते.)

तर आपली चौकट. इच्छाशक्ती हेच औषध. संपादक महाशय, उठून हात हलवावासा वाटणं, जमेल असं वाटणं, जमल्यावर बरं वाटणं, हे ज्या डोपामिन-नॉरॲड्रिनलिनच्या जोरावर होतं, तेच पुरवणारे धागे तुटलेल्या माणसाला तुम्ही इच्छाशक्ती वापर म्हणता. डिझेल संपलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला कुणी मन लावून चालव म्हणत नाही. लेखकांचा हेतू चांगला असेल, मी नाकारत नाही. पण ती चौकट घराघरांत चिकटते आणि तिच्याखाली बसलेला माणूस ती वाचतो. आमचे हे वाचत होते. अक्षरं त्यांना नीट कळतात.

गोळ्यांनी सगळं होतं असंही मला म्हणायचं नाही. नैराश्यावरची फ्लुओक्सेटिन ही गोळी सरसकट सगळ्या रुग्णांना दिली तर हातपाय लवकर सुधारतील अशी आशा एका फ्रेंच अभ्यासातून २०११ साली निर्माण झाली होती. त्यात ११८ रुग्ण होते. मग ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०१८ च्या डिसेंबरात आले. हातपायांत फरक नाही. नैराश्य कमी जणांना आलं, पण हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून हल्ली ती सगळ्यांना देत नाहीत, ज्याला नैराश्य आहे त्याला देतात. कोण त्यातला आहे हे मात्र विचारल्याशिवाय कसं कळणार? आमच्या डिस्चार्ज कार्डावर रक्तदाब, साखर, पथ्य, फिजिओथेरपी, सगळं होतं. मनाविषयी एक ओळ नव्हती.

त्या कार्डावर आणखी एक गोळी होती, सिटिकोलीन. दुकानदार तिला 'मेंदूची ताकद' म्हणतो. वर्षभर घेतली, महिन्याच्या बिलात सगळ्यात जड तीच. तिच्यापासून कोलीन मिळतं आणि कोलीनपासून ॲसिटिलकोलीन, म्हणजे कागदावर तर्क ठीक आहे, मलाही पटला होता. पण २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये २,२९८ रुग्णांच्या चाचणीचा निकाल छापून आला, त्यात खोट्या औषधापेक्षा तिचा जास्त फायदा दिसला नाही. मी डॉक्टरांना नम्रपणे विचारलं. ते म्हणाले, "नुकसान नाही, पण परवडत नसेल तर थांबवा." थांबवली. त्या पैशांत आठवड्यातून दोनदा जास्त फिजिओथेरपीवाला येतो. कुणी माझं वाचून आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. विचारावं, एवढंच.

आपल्या पेपरला एक विनंती. त्या चौकटीच्या जागी, त्याच रंगात, दुसरी चौकट छापा. तोंड वाकडं झालं, एक हात उचलता येईना, बोलणं अडखळलं, यांतलं एक जरी अचानक दिसलं तरी घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा आणि जिथं सिटी स्कॅन आहे अशाच ठिकाणी न्या. तेल नको, साखरपाणी नको, जिभेखाली ब्लडप्रेशरची गोळी नको, पारवा तर नकोच. आणि घरी आल्यावर रुग्ण उगाच रडायला, हसायला किंवा गप्प बसायला लागला तर ते डॉक्टरांना सांगा. आपल्या पुरवणीत जागा कमी असते हे मला ठाऊक आहे. रविवारच्या भविष्यातली एक रास वगळलीत तरी पुरेल.

ह्यांचं आता बरं आहे म्हणायचं. हात खांद्यापर्यंत जातो, बोटं वळत नाहीत. परवा मी ताट वाढायला उशीर केला तर डावा हात तोंडापुढे माइकसारखा धरून काहीतरी म्हणाले. शब्द कळले नाहीत, सूर मात्र फलाट क्रमांक चारचाच होता.

पत्र लांबलंय, तुम्ही कात्री लावणारच. सिटिकोलीन कापा, बबून कापा, मॅग्नेशियमही चालेल. पण डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न आणि ह्यांनी दिलेलं उत्तर तेवढं ठेवा. आणि नाव छापू नका. दीरही हाच पेपर घेतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, बार्शी